शाळेच्या दाराची कडी

(पत्र लांब होतं, थोडं छाटून देते आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं काढली आहेत.)

ताई, नमस्कार.

मी पाटण तालुक्यातला, ढेबेवाडी खोऱ्यातला. चार एकर रान आणि दोन म्हशी. थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणतो, वीस-बावीस वर्षं वाशीच्या मार्केटात माथाडी आहे. २०२० च्या मे महिन्यात मार्केट बंद झालं तेव्हा दादा, वहिनी आणि दोन पोरं ई-पास काढून टेम्पोनं गावी आली. पुतणी तेव्हा सतरा वर्षांची, पुतण्या बारा. मी गावच्या समितीत होतो. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई आणि आम्ही तिघं-चौघं. ठरल्याप्रमाणं त्यांना चौदा दिवस झेडपीच्या शाळेत ठेवलं. दादा म्हणाला, आपल्या गोठ्यावरच्या खोलीत राहतो, आईला लांबनं बघतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, साखरेची पेशंट. मी नाही म्हणालो. घरच्याला सूट दिली असती तर गावानं माझ्या तोंडात शेण घातलं असतं. पोरं रात्रीची बाहेर हिंडतात अशी तक्रार आली म्हणून सात वाजल्यानंतर शाळेला बाहेरनं कडी लावायची ठरलं. कुलपाची किल्ली माझ्याकडं होती.

नवव्या दिवशी आई गेली. कोरोनानं नाही, झोपेतच गेली. शाळा घरापासून तीनशे पावलांवर. अग्नी मी दिला, वीस माणसं होती. दादानं शाळेच्या व्हरांड्यातनं धूर बघितला. सरपंच म्हणाले होते, तहसीलदारांना एक फोन लावून बघू का? मीच म्हणालो, राहू द्या, उगाच चर्चा नको. चौदा दिवस भरले आणि दादा घरी न येता परस्पर मुंबईला निघून गेला. इतके दिवस माझी मंडळी रोज डबा करून पाठवत होती. वहिनीनं जाताना तो डबा घासून खिडकीत ठेवला. अजून आमच्याकडं आहे, कुणी वापरत नाही.

नंतर दादा एकदाच आला, वारस नोंदीला. तलाठ्याकडं सही केली आणि गेला. घरी पाणी प्यायला पण आला नाही. आता पुतणीचं लग्न ठरलंय. तीन आठवड्यांमागं तिनं व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठवली. पत्रिकेत माझं नाव नाही. खाली तिनं एवढंच लिहिलंय, ‘काका, या.’ मी अजून उत्तर दिलेलं नाही.

माझं म्हणणं, नियम सरकारचा होता. मोडला असता तर सरकारी हुकूम मोडल्याचं कलम १८८ लागलं असतं. मी आईला आणि गावाला वाचवायला बघत होतो. मग माफी कशाची मागायची? मंडळी म्हणते, मागा. लग्नाला जाऊ का? जाताना तो डबा भरून नेऊ का?

एक धाकटा भाऊ

*

भाऊ,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुम्ही पटलात, दुसऱ्यात दादा पटले. तिसऱ्यांदा वाचताना सरपंचांच्या त्या फोनपाशी अडकले आणि पुढं सरकताच येईना. फोनाकडं येतेच. पण आधी तुमच्या पदरात जे टाकायला हवं ते टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही कान बंद करून वाचाल.

चौदा दिवस वेगळं ठेवलंत ते बरोबर होतं. मास्क कुठल्या खणात पडलाय हेही आज आपल्याला आठवत नाही आणि ‘तेव्हा उगाच बाऊ केला’ असं म्हणणारे चावडीवर पुष्कळ भेटतात. त्या मे महिन्यात लस नव्हती. तिची सुरुवात झाली १६ जानेवारी २०२१ ला. वाशीचं मार्केट ११ मेपासून आठवडाभर बंद करावं लागलं ते तिथं माणसं भराभर आजारी पडायला लागली म्हणून, आणि तुमचे दादा तिथूनच आले होते. लागण झालेला माणूस कित्येक दिवस धडधाकट दिसू शकतो, म्हणूनच तर चौदाचा आकडा. घरात साखरेची पेशंट असलेली म्हातारी आई. खोऱ्यातून कराडचं मोठं हॉस्पिटल गाठायचं म्हणजे वाट किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय शेजारच्या इस्लामपुरात काय झालं ते आपण सगळ्यांनी दोनच महिन्यांपूर्वी पाहिलं होतं. २३ मार्चला परदेशातून परतलेल्या एका घरातले चौघे बाधित निघाले आणि बघता बघता आकडा पंचविसाच्या घरात गेला, बहुतेक सगळे त्याच गोतावळ्यातले. मग शहर बंद केलं, संपर्कातली माणसं हुडकून वेगळी ठेवली, बाधितांना मिरजेला नेलं आणि साथ तिथल्या तिथं अडवली. वेगळं ठेवण्याचा उपयोग होतो, हे आपल्याच भागानं तेव्हा दाखवून दिलं.

त्याच दिवसांत आणखी एक चाललं होतं. त्या घराला व्हॉट्सॲपवर शिव्यांची लाखोली वाहिली जात होती. मलाही ते मेसेज येत होते आणि खरं सांगते, त्यातला एक मी पुढं पाठवलाही. त्या शिव्यांनी एक तरी रुग्ण कमी झाला का?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडतं. नियम सरकारचा होता, कबूल. पण नियमात जे लिहिलेलं होतं त्याच्यावर आपण काय काय रचलं, ते आपलं होतं. तुमचं पत्र मी याच दृष्टीनं पुन्हा चाळलं. चौदा दिवस हे सरकारचं. शाळा हे गावाचं, तेही समजण्यासारखं. बाहेरून कडी? ती कुठल्या परिपत्रकात होती? शाळेत राहिलेली माणसं काही चोरी करून आली नव्हती. रात्रीत आत काही पेटलं असतं, कुणाला साप चावला असता, तर किल्ली तुमच्या घरी खुंटीला. आणि झेडपीच्या शाळांचं शौचालय बहुतेक ठिकाणी आवारात, इमारतीच्या बाहेर असतं. तुमच्या गावात तसं नसेल तर मी चुकले. तसं असेल, तर संध्याकाळी सात ते सकाळपर्यंत त्या सतरा वर्षांच्या मुलीनं काय केलं असेल? पत्रात तुम्ही तिचं वय लिहिलंत म्हणून विचारते. आम्हा बायकांना हा प्रश्न वाचल्या वाचल्या पडतो. तुम्हा समितीतल्या मंडळींना तेव्हा पडला होता का? आशाताई समितीत होत्या. त्यांना कुणी विचारलं होतं का?

आणि फोन. तुम्ही १८८ चं नाव घेतलंत म्हणून सांगते. त्या कलमाखाली तेव्हा जास्तीत जास्त एक महिना कैद नाहीतर दोनशे रुपये दंड किंवा दोन्ही, आणि माणसाच्या जिवाला धोका होईल असं काही केलं तर सहा महिने नाहीतर हजार रुपये किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. पुढं २०२२ मध्ये राज्य सरकारनं लॉकडाऊनमधले १८८ चे खटले मागं घ्यायचं जाहीरही केलं. (सरकारनं मागं घेतले, तुमच्या दादांनी घेतलेला नाही.) पण हे सगळं नियम मोडण्याचं झालं. तहसीलदारांना फोन करून ‘मोठ्या मुलाला लांब उभं राहून आईचं तोंड बघू द्यावं का?’ असं विचारणं हा कुठल्याच कलमाखाली गुन्हा नव्हता. ते नाही म्हणाले असते, कदाचित. मग ते ‘नाही’ तहसीलदारांचं झालं असतं, आणि दादांनी ते कडू औषधासारखं गिळलंही असतं. सरपंच फोन करायला तयार होते. तुम्ही ‘राहू द्या’ म्हणालात, आणि कारणही स्वतःच लिहिलंत, ‘उगाच चर्चा नको.’ त्या वाक्यात आई नाही, गावाचं आरोग्य नाही. गावात आपल्याविषयी काय बोलतील, तेवढंच आहे.

माफी मागायची ती याची. चौदा दिवसांची नाही.

हे काही तुमच्या एकट्याच्या गावात घडलं नाही. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता ज्या हातांनी आपण थाळ्या वाजवल्या, त्याच हातांनी पुढच्या महिन्यात गावाच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या आणि दगड टाकले. जावळी, पाटण, माण, खटाव, तिकडं शिराळा, आटपाडी, कुठंही जा. अशा गावांतल्या देवळांच्या जीर्णोद्धाराच्या फरशीवर वर्गणीदारांची नावं वाचा, निम्मी मुंबईकरांची. जत्रेला मुंबईकर मंडळाचा तमाशा, शाळेला मुंबईकरांचे संगणक. आणि मे महिन्यात तेच मुंबईकर वेशीवर आले तर ‘आले कोरोना घेऊन’. विट्या-खानापूरकडचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळून घरं चालवतात, त्यांनाही गावी परतल्यावर काही ठिकाणी हाच अनुभव आला. तुमचे दादा ज्या मार्केटात काम करतात ते पाहा. सगळी मुंबई दाराआड बसली होती तेव्हाही तिथं गाड्या खाली होत होत्या, कारण कांदा-बटाटा आपोआप उतरत नाही. आपल्या भागातल्या माणसांच्या पाठीवरून मुंबई त्या दिवसांत जेवली. ती पाठ घरी टेकायला आली, तर तिला मिळाली शाळेची फरशी. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. पण दादांच्या मनात हा हिशेब असणार, आणि तो खोटा नाही.

आपल्याकडं साथी काही पहिल्यांदा आल्या नाहीत. प्लेगात घरात उंदीर पडायला लागले की अख्खं गाव बाहेर पडून माळावर खोपटी घालून राहायचं, हे तुम्हीही घरातल्या जुन्या माणसांकडून ऐकलं असेल. तेव्हाही नियम होताच, गावात जायचं नाही. पण श्रीमंत-गरीब, आजारी-धडके, सगळी वस्तीच उठून जायची, एखाद-दुसऱ्या घराला बाहेर काढून बाकीचे आत बसायचे नाहीत. जातीपातीची अंतरं तिथंही होतीच, मी काही त्या काळाचे गोडवे गात नाही. तरी फरक बघा.

आणि पुणं आठवा. १८९७ मध्ये तिथं प्लेगच्या बंदोबस्ताला जो रँड आणला, तो त्याआधी आपल्या साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होता, आणि वाईच्या लोकांना त्याचा हिसका आधीच माहीत होता. रोगी वेगळा काढायचा, घर धुऊन काढायचं, यात तत्त्व म्हणून चूक नव्हती. स्वतः टिळकांनी प्लेगचं रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला. लोक पेटले ते गोरे शिपाई देवघरात बूट घालून शिरले, बायाबापड्यांची रस्त्यावर तपासणी झाली त्यावरून. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत आपल्या नायगावच्या सावित्रीबाई रोग्यांची सेवा करत होत्या, आणि त्यांनाच प्लेग होऊन त्या १० मार्चला गेल्या. रोगी वेगळा ठेवायलाच त्यांचा हात लागत होता, पण तो हात रोग्याला आपला वाटत होता. तुम्ही रँड नाही, भाऊ, एवढं अंगाला लावून घेऊ नका. तुम्ही कडी लावणारा एक घाबरलेला माणूस होतात. पण पत्रात कुठंही ‘मी शाळेच्या गेटपाशी जाऊन दादाशी बोललो’ असं वाक्य नाही. मी शोधलं. डबा मंडळींनी केला, किल्ली तुमच्याकडं होती, आई गेल्याचा निरोप दादांना कुणी सांगितला तेही तुम्ही लिहिलेलं नाही. तो दुसऱ्या कुणी सांगितला असेल, तर तीही एक गोष्ट बोलायची आहे.

आता जरा माझं ऐका, म्हणजे मी उंबऱ्याच्या आत बसून बोलते आहे असं वाटायचं नाही.

२०२१ चा एप्रिल, दुसरी लाट. दुकानं पुन्हा बंद. आमच्या पेठेत खालच्या बोळात एक इस्त्रीवाले आहेत. ते रात्री आठनंतर अर्धं शटर वर करून आत कपडे घ्यायचे. घरात सासूबाई नुकत्याच हॉस्पिटलातून परतलेल्या, ऑक्सिजनसाठी केलेली पळापळ अजून अंगात होती. मी गॅलरीतून ते शटर बघायची आणि माझं डोकं फिरायचं. एका रात्री मी फोन केला. गाडी आली, दंड झाला, चारचौघांत त्यांना वाकून शटर ओढायला लावलं. नियमानं मी शंभर टक्के बरोबर होते. पण मला एक माहीत होतं आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या आधीच्या दिवाळीत बोळातल्या नळावरून आमचं चांगलं वाजलं होतं. फोन लावताना माझ्या मनात सासूबाई किती आणि नळ किती, याचं मोजमाप मला आजही नीट करता येत नाही.

म्हणून तुम्हाला विचारते, उत्तर मला पाठवू नका. तुमच्या आणि दादांमध्ये आधीचं काही होतं का? ते मुंबईला, तुम्ही आई-बापांपाशी. ते वर्षातून दोनदा येणार आणि आई त्यांच्यासाठी अनारसे करणार, दुखणीखुपणी तुम्ही काढणार? असं असेल तर त्यात नवल काहीच नाही, खोऱ्यातल्या प्रत्येक दुसऱ्या घरात ते आहे. पण कडी लावताना त्यातलं थोडं हाताला लागलं का, एवढं स्वतःशी बघून ठेवा. समोर गेल्यावर ते कामाला येतं.

(इस्त्रीवाल्यांचं पुढं काय झालं? वर्षभरानं मी जाऊन सांगितलं, तो फोन माझा होता. त्यांनी वर बघितलं नाही. ‘पस्तीस झाले,’ म्हणाले. मी पस्तीस दिले. अजूनही आमच्यात तेवढंच बोलणं आहे, पण मी आता बोळ टाळून वळसा घालून जात नाही.)

तर जायचं कसं, ते बोलू.

लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा तोंड दाखवायला जाऊ नका. त्या दिवशी मुलीच्या बापाला रागवायची सोय नसते. व्याही समोर, पाहुणे समोर, हसून ‘या’ म्हणावंच लागतं. तुम्ही त्या ‘या’च्या आडोशाला उभे राहिलात तर दादांचा राग तसाच आत राहील आणि वर फसवणूकही वाटेल. लग्नाच्या निदान दहा-पंधरा दिवस आधी, एकटे, त्यांच्या घरी जा. सरपंचांना बरोबर घेऊ नका, भावकीतला शहाणा माणूस घेऊ नका, कुणा मामांना मध्ये घालू नका. मंडळींनाही त्या दिवशी नको. त्यांचं आणि वहिनींचं बहुधा वेगळं, बरं चाललेलं असेल. नसलं तरी ते त्या दोघी बघतील.

पहिलं वाक्य ‘नियम होता’ नको. दुसरंही नको. दादा स्वतः म्हणाले की ‘नियम होता, मला कळतंय’, तरी त्याला मान डोलावू नका. तिथं मान डोलावली की विषय संपला आणि तुम्ही आलात तसेच परत. कडीचं बोला. गेटपाशी आला नाहीत त्याचं बोला. आणि फोनाचं बोला.

फोनाचं बोलायचं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. दादांना ते ठाऊक नसेल तर? सरपंच विचारत होते आणि सख्खा भाऊ नको म्हणाला, हे ऐकून जखम उकलेल, कदाचित तुम्हाला उठून जायला सांगतील. माझ्या घरी तर यावर भांडण झालं. यजमान म्हणाले, जे माहीत नाही ते कशाला सांगायचं. पण सरपंचांनी ते कुठं ना कुठं बोललेलं असणार. अंत्ययात्रेला वीस माणसं होती. गावात वीस माणसांना माहीत असलेली गोष्ट वाशीच्या मार्केटात पोचायला सहा वर्षं लागत नाहीत, तिथं निम्मा तालुकाच काम करतो. मला वाटतं दादांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच ते वारस नोंदीला येऊन पाणी न पिता गेले. नुसत्या शाळेच्या चौदा दिवसांवर माणूस इतकी वर्षं पाण्यावर रुसत नाही. त्यांना ठाऊक असेल आणि तुम्ही ते सोडून बाकी सगळं बोललात, तर तुम्ही आला नसता तर बरं झालं असतं. म्हणून सांगा. कारणासकट सांगा: ‘गावात चर्चा होईल म्हणून मी नको म्हणालो.’ त्याला पुढं ‘पण’ जोडू नका.

ते काय म्हणतील ते मला माहीत नाही. ओरडले तर ऐकून घ्या. गप्प बसले तर तेही ऐकून घ्या. ‘मग झालं गेलं विसरलास ना?’ असं विचारून त्यांच्याकडून पावती मागू नका. लग्नाला येऊ नको म्हणाले तर जाऊ नका, आणि गावाकडं येऊन ‘मी गेलो होतो, त्यानंच हाकललं’ असं सांगत हिंडू नका. काहीच बोलले नाहीत, तर लग्नाला जा. मागच्या पंगतीत बसा, वाढायला माणूस कमी असेल तर वाढप्यात उभे राहा. स्टेजवर ‘मुलीचे काका’ म्हणून पुकारा व्हावा ही अपेक्षा घरी ठेवून जा. पत्रिकेतलं नाव पत्रिका छापून झाल्यावर मागायचं नसतं.

आईचं वर्षश्राद्ध तुम्ही करत असाल. पुढच्या वेळी दादांनी यावं, त्यांच्या हातून व्हावं, असं मनात असेल. चांगलं आहे, पण पहिल्या भेटीत ते काढू नका. लग्न होऊ दे.

डबा मात्र नेऊ नका. मला माहीत आहे, तुम्हाला ते छान वाटलं असणार. आमच्या घरी पत्र वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईंचेही डोळे भरून आले. पण तो डबा घेऊन दारात उभे राहिलात की दादांना काय दिसेल? ‘आम्ही तुम्हाला चौदा दिवस जेवायला घातलं होतं.’ वहिनींनी तो घासून खिडकीत ठेवला, बरोबर नेला नाही, ही त्यांची फिटंफाट होती. ती तुम्ही मोडू नका. शिवाय डबा तुमच्या मंडळींनी भरला होता. तुमच्या हातात होती ती किल्ली. डबा घरातच राहू द्या, आणि कुणी वापरत नाही म्हणता, तर वापरायला काढा. रानात भाकरी न्यायला तो उत्तम आहे. शेतातला हुरडा, घरचं तूप, काकवी, जे दरवर्षी दादांकडं जायचं आणि बंद पडलं, ते न्या.

शेवटी पुतणी. तिचं स्वतंत्र आहे, दादांच्या खात्यात तिला जमा धरू नका. ती शाळेत होती, कडीच्या आत होती, आजीचा धूर तिनंही पाहिला. सतरा वर्षांची मुलगी यातलं काही विसरत नाही. तरी पत्रिकेत काकाचं नाव नसताना तिनं स्वतः पत्रिका पाठवली, घरात विचारून की न विचारता, देव जाणे. तिच्याशी बोलायची वेळ येईल तेव्हा तिच्या बापाचा विषय मध्ये न आणता बोला. ‘तुला त्या रात्री कडीत ठेवलं, ते चुकलं,’ एवढंच. शौचालयाबद्दल मी वर जे लिहिलं ते तुम्ही तिला विचारायचं नाही. तुम्हाला ते कळलंय, एवढं तिला कळलं तरी पुरे.

आणि एक. तिच्या मेसेजला तीन आठवडे झाले. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा तिला केव्हाच दिसल्या असतील, म्हणजे काकानं वाचलं आणि गप्प बसला, हे तिला रोज दिसतंय. दादांकडं जायला धीर गोळा करायचा तेवढा करा, पण तिला आज लिहा. ‘पत्रिका मिळाली. आधी दादाला भेटायला येतोय, मग लग्नाचं बघू.’ एवढं टाइप करायला तुम्हाला जमत नसेल तर बोलून पाठवा, पण मंडळींकडून लिहवून घेऊ नका.